आपलीच जुनी रचना पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी नव्याने लिहिताना

वाद्यवृंदासाठी, नाटकासाठी किंवा चित्रपटासाठी पूर्वी केलेले संगीत काही वर्षांनी फक्त तीन वाद्यांसाठी पुन्हा मांडावे, असे अनेक संगीतकारांना वाटते. त्यामागची कारणे कधी अगदी व्यवहाराची असतात: मोठा ताफा परवडत नाही, सभागृह लहान असते, किंवा मूळ ध्वनिमुद्रणातला सिंथेसायझर आता कानाला जुनाट लागतो. कधी मात्र त्या चालीत आपणच त्या वेळी पुरते न ऐकलेले काहीतरी शिल्लक आहे, अशी शंका पाठ सोडत नाही. दोन्ही कारणे सारखीच रास्त आहेत, आणि कामाची पद्धतही दोन्हीसाठी एकच आहे. पियानो, व्हायोलिन आणि चेलो या सर्वांत रुळलेल्या त्रयीसाठी ती पद्धत पुढे सांगितली आहे. वाचकाला स्टाफ नोटेशन वाचता येते आणि हार्मनीची बऱ्यापैकी ओळख आहे, असे गृहीत धरले आहे.

सुरुवात बीथोव्हनच्या एका पत्रापासून करणे सोयीचे आहे. जुलै 1802 मध्ये त्याने लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकांना लिहिले होते. पियानोच्या रचना तंतुवाद्यांसाठी उतरवून विकण्याचे त्या वेळी पेव फुटले होते आणि त्याला त्याचा मनस्वी वैताग आला होता. दोन्ही प्रकारच्या वाद्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की अशा कामात काही जागा सबंध गाळाव्या लागतात, काही बदलाव्या लागतात आणि शिवाय नवी भरही घालावी लागते. खरी कठीण गोष्ट ती भर घालणे हीच असते, म्हणून हे काम मूळ रचनाकारानेच करावे किंवा निदान तितकाच कसबी आणि कल्पक असलेल्या माणसाने करावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच सुमारास त्याने ओपस (म्हणजे प्रकाशित रचनेचा क्रमांक) 14 मधला ई मेजरचा सोनाटा स्वतः स्ट्रिंग क्वार्टेटसाठी लिहून दाखवला, तोही एफ मेजरमध्ये. रचना अर्ध्या स्वराने वर गेल्याबरोबर व्हिओला आणि चेलो यांची सर्वांत खालची मोकळी सी तार त्या सुरावटीचा, म्हणजे मेजर-मायनर स्केलचा, पंचम होऊन बसली. पियानोवादकाला हा फरक किरकोळ वाटेल, चेलोवादकाला वाटणार नाही.

या पत्रातली कामाची गोष्ट अशी की दुसऱ्याची रचना मांडणाऱ्या अरेंजरला मूळ संहितेशी इमान राखावे लागते, रचनाकारावर मात्र ते बंधन नसते. गाळण्याची, बदलण्याची आणि भर घालण्याची मुभा त्याला एकट्यालाच पूर्णपणे असते. ही मुभा न वापरता मूळ स्कोअर मुकाट्याने तीन वाद्यांवर वाटून देणारा रचनाकार स्वतःच्याच कामाचा कारकून होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रचना निवडताना

प्रत्येक रचना या कामाला योग्य नसते. परीक्षा सोपी आहे. पियानोवर उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने फक्त बेस वाजवावा, तोही पेडल न वापरता. एवढ्यावर रचना स्वतःच्या पायांवर उभी राहिली तर ती घ्यावी. जिचा प्राण नादाच्या रंगात होता, म्हणजे ब्रासच्या थरांत, चाळीस तंतुवाद्यांच्या मंद थरथरीत किंवा तालवाद्यांच्या चक्रात होता, ती पहिल्या चार बारमध्येच उघडी पडते. अशी रचना बाजूला ठेवण्यात कमीपणा नाही.

इगोर स्ट्राविन्स्कीने 'सैनिकाची कथा' ही रचना 1918 मध्ये सात वादकांसाठी केली होती. त्यात क्लॅरिनेट, बासून, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, व्हायोलिन, डबलबेस आणि तालवाद्ये होती. पुढच्याच वर्षी त्याने तीतून क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठी पाच भागांचा संच तयार केला. मूळ रचनेच्या अखेरीस सैतानाचे विजयी संचलन येते आणि त्यात व्हायोलिन मागे पडत जाऊन शेवटी तालवाद्ये एकटी उरतात. पियानोने ढोल होण्याचा कितीही आव आणला तरी हा शेवट तीन वाद्यांत साधणारा नव्हता. स्ट्राविन्स्कीने तो भागच घेतला नाही आणि संच सैतानाच्या नृत्यावर संपवला. जी जागा साधणार नाही तिच्यासाठी पर्याय शोधत बसण्यापेक्षा रचनेचा शेवटच दुसरीकडे नेला, तर पुष्कळदा निम्मे काम तिथेच होऊन जाते.

याच्या उलट उदाहरण बीथोव्हनच्या सेप्टेटचे आहे. ओपस 20 ही सात वाद्यांची रचना 1800 साली व्हिएन्नात पहिल्यांदा जाहीरपणे वाजली आणि अतिशय लोकप्रिय झाली. पुढे त्याने ती पियानो, क्लॅरिनेट किंवा व्हायोलिन, आणि चेलो यांच्यासाठी लिहिली, तेव्हा तिचे सहाही भाग कायम ठेवले. ते शक्य झाले, कारण ती रचना मुळातच करमणुकीच्या, सुट्या आणि सुगम भागांची होती. गंमत म्हणजे तिच्यातल्या मिन्युएटची चाल त्याने आधीच्या एका लहान पियानो सोनाटातून, म्हणजे ओपस 49 मधल्या दुसऱ्या सोनाटातून, उचललेली होती. एकच चाल अशी तीन वेगवेगळ्या घरांत नांदली. नुसत्या चाल-बेसच्या परीक्षेत टिकणारी चाल कशी असते, हे पाहण्यासाठी ही तिन्ही रूपे एकापाठोपाठ एक ऐकावीत.

अनेक रचनांचा संच करायचा असेल तर त्या एकाच काळातल्या असण्याची गरज नाही. जपानी संगीतकार र्‍यूइची साकामोटोने 1996 साली पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांवर स्वतःच्या जुन्या रचनांचा संग्रह काढला आणि त्याचे नावही सालावरूनच ठेवले. त्यात 1983 च्या 'मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स'चे संगीत आहे, 1987 च्या 'द लास्ट एम्परर'चे आहे, आणि अवघ्या वर्षभरापूर्वी त्याच्या स्वतःच्या अल्बममध्ये गाणे म्हणून आलेली 'बिबो नो आओझोरा' ही रचनाही आहे. मूळ रूपांत या रचना एकमेकींपासून फार दूर होत्या. कुठे सिंथेसायझरचे घंटेसारखे स्वर होते, कुठे भरगच्च वाद्यवृंद होता, तर कुठे गळा होता. त्या एका संग्रहात एकजीव वाटतात, कारण सगळीकडे वाद्ये तीच आहेत आणि कोणत्याही रचनेला मूळ रंगाची नक्कल करू दिलेली नाही. अशा संचासाठी निवड करताना विषयाची एकवाक्यता शोधण्यापेक्षा सुरावटी, लय आणि घनता यांत पुरेसे अंतर आहे ना, हे पाहावे. तीन वाद्यांच्या मैफलीत सलग दोन संथ मायनर रचना आल्या की श्रोत्यांची चुळबुळ सुरू होते.

स्कोअर बंद करून पहिला खर्डा

निवड झाली की जुना स्कोअर कपाटात ठेवावा आणि पहिला खर्डा आठवणीतून लिहावा. तीन ओळी पुरतात: चाल, बेस, आणि जिच्याविना ही रचना ओळखूच येणार नाही अशी तिसरी एखादी गोष्ट. ती गोष्ट लयीचा एखादा आकृतिबंध असेल, काउंटर मेलडी असेल किंवा एकच धरून ठेवलेला स्वर असेल. खर्डा पुरा झाल्यावर स्कोअर उघडून शेजारी ठेवावा. जे आठवले नाही त्यातले बरेचसे भरणीचे सामान असते. जे वेगळे आठवले त्याकडे अधिक आदराने पाहावे, कारण तुमच्या कानांनी त्या चालीला इतक्या वर्षांत गुपचूप घासूनपुसून घेतलेले असते. सावधगिरी एकाच ठिकाणी हवी. एका सुरावटीतून दुसरीत जाणारे सांधे आठवण नेहमीच ढिले करते, म्हणून ते मात्र मूळ संहितेवरून बारकाईने तपासावेत.

संगणकावर केलेल्या कामाचा बहुधा स्कोअरच नसतो. साठ-सत्तर ट्रॅकची एक फाइल असते. तिथे सगळे ट्रॅक बंद करून एकेक उघडत जावे आणि रचना ओळखू येऊ लागली की थांबावे. पॅड, म्हणजे मागे सतत धरलेला सिंथेसायझरचा नाद, सर्वांत शेवटी उघडावा किंवा उघडूच नये. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर्सनी वाद्यवृंदाचे जे लेखन केले, त्या धर्तीचे काम तुमच्या जुन्या ध्वनिमुद्रणात असेल आणि लिखित पाने हाती नसतील, तर ते ऐकून उतरवावे लागेल. उतरवताना ऑब्लिगॅटो, म्हणजे मुख्य चालीसोबत वाजणारी जोडचाल, कोणाच्या लेखणीतून आला होता याची प्रामाणिक नोंद ठेवावी. तो अरेंजरचा असेल तर नव्या आवृत्तीत त्याचे नाव गेले पाहिजे, किंवा तो ऑब्लिगॅटो तरी वगळला पाहिजे.

तीन वाद्यांचा स्वभाव

पियानोचा स्वर वाजताक्षणी विरायला लागतो. धरून ठेवलेला स्वर वाढवत नेणे त्याला शक्य नाही, आणि गजाने वाजणाऱ्या वाद्यांची मोठी ताकद नेमकी तीच आहे. वाद्यवृंदातल्या रचनांचा निम्मा परिणाम धरलेल्या स्वरांवर असतो, म्हणून लांब स्वर शक्यतो तारांवर द्यावेत आणि हालचाल पियानोवर द्यावी. नवखा रचनाकार नेमके याच्या उलट करतो. तो पियानोला वाद्यवृंद समजून दोन्ही हातांत जाड कॉर्ड भरतो आणि व्हायोलिन-चेलोला वर नुसती नक्षी काढायला ठेवतो.

व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. चेलोची ए तार मध्य सीच्या खालच्या ए वर असते, आणि तिच्यावरून वर चढत गेलेली चाल या त्रयीतला सर्वांत माणूसपणाचा आवाज देते. तेव्हा चेलोला बेसच्या कामातून वारंवार मोकळे करावे. बेस पियानोच्या डाव्या हाताने सांभाळावा, तोही बहुतेक वेळा एकेरी स्वरांत. पियानोच्या खालच्या दोन सप्तकांत थर्ड किंवा भरलेली कॉर्ड आली की नाद गढूळ होतो आणि तिथेच वाजणारा चेलो त्यात बुडतो. पियानोचा डावा हात आणि चेलो यांनी एकच बेस सबंध पानभर मिळून वाजवणे हा या प्रकारातला सर्वांत सुस्त उपाय आहे. त्याचा वापर जोर हवा असेल अशा दोन-चार बारपुरताच करावा.

व्हायोलिनवर एकच स्वर वेगवेगळ्या तारांवर वाजतो आणि प्रत्येक तारेवर त्याचा रंग बदलतो. क्लॅरिनेटची खालच्या पट्टीतली चाल व्हायोलिनच्या जी तारेवर वरच्या पोझिशनमध्ये दिली तर तो दाट, किंचित घुसमटलेला रंग पुष्कळसा मिळतो. बासरीच्या उंच जागांसाठी हार्मोनिक्स आहेत. हॉर्नच्या जोडीसाठी चेलोवर मोकळी तार धरून घेतलेले दोन स्वर चालतात. हार्प हे तर पियानोचेच काम. एवढे सांगून झाल्यावर हेही सांगितले पाहिजे की हे सगळे पर्याय फार वापरले तर श्रोता सतत मूळ वाद्य ओळखण्याच्या खेळात गुंततो. रंगाची नक्कल एखाद्या ठिकाणी, हेतूने करावी.

आता एक तुकडा जवळून पाहू. समजा, एखाद्या नाटकाच्या पार्श्वसंगीतातला डी मायनरमधला आठ बारचा भाग आहे. बासरीवर चाल आहे. व्हायोलिनच्या दोन तुकड्या आणि व्हिओला यांनी मिळून लांब कॉर्ड धरली आहे. हॉर्न मध्य सीच्या खालच्या ए वर थांबला आहे, डबलबेस दर बारच्या पहिल्या ठोक्याला पिझिकाटोने (तार बोटाने छेडून) डी देतो, आणि शेवटच्या दोन बारांत सगळ्यांचा आवाज चढत जाऊन झांज फुटते.

सरधोपट मांडणी अशी होईल: व्हायोलिनला चाल, पियानोला दोन्ही हातांनी कॉर्ड, चेलोला पिझिकाटो बेस, आणि अखेरीस तिघांनी मिळून जमेल तेवढा गोंगाट. हे वाजेल, पण मूळ वाद्यवृंदाची फिकट झेरॉक्स म्हणून वाजेल. त्याऐवजी हॉर्नचा ए चेलोला द्यावा. तो मोकळ्या ए तारेवर न देता डी तारेवर चौथ्या पोझिशनमध्ये मागावा, म्हणजे व्हायब्रॅटो करता येतो आणि रंगही झाकलेला राहतो. हा एकच स्वर चार बार चालू द्यावा, बो बदलताना खंड न दिसेल असा. पियानोने डाव्या हाताने फक्त खालचा डी वाजवावा, पेडलशिवाय, आखूड. उजवा हात मांडीवर राहू द्यावा. बासरीची चाल एक सप्तक खाली आणून व्हायोलिनच्या खालच्या दोन तारांवर द्यावी. पहिल्या चार बारांत कॉर्ड कोणीच वाजवत नाही, तरी ती ऐकू येते, कारण खाली डी आहे, मध्ये ए आहे आणि चालीत एफ येऊन जातो.

पाचव्या बारला व्हायोलिन मूळ सप्तकात जाते आणि तेव्हाच पियानोचा उजवा हात पहिल्यांदा प्रवेश करतो, तोही दोनच स्वरांनी, ठोक्यांच्या मधल्या जागांत. श्रोत्याला इथे दालन उघडल्यासारखे वाटते. त्यासाठी वाढवलेले सामान मात्र दोन स्वरांचे आहे. सातव्या-आठव्या बारांतला चढ चेलोच्या त्याच ए वर आणि व्हायोलिनच्या चालीवर सोपवावा, पियानोने त्यात पडू नये. आणि झांजेच्या जागी काय द्यावे? पियानोने अगदी तळाचा डी सप्तकात दुहेरी, पेडल दाबून वाजवावा, तारांनी त्याच क्षणी गज उचलावेत, आणि एक सबंध बार त्या विरत जाणाऱ्या नादावर सोडून द्यावा. झांजेचा स्फोट तीन वाद्यांना परवडत नाही. स्फोटानंतरची शांतता परवडते, आणि लहान सभागृहात तिचा परिणाम अधिक होतो.

जिथे मूळ रचनेचा परिणाम एखाद्या वाद्याच्या गप्प राहण्यावर होता, तिथे विशेष जपावे लागते. आल्बान बेर्गच्या चेंबर कॉन्चेर्टोतला आदाजिओ हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. मुळात तो व्हायोलिन आणि तेरा फुंकवाद्यांसाठी आहे. भागाचा उत्तरार्ध पूर्वार्धाला आरसा दाखवत उलटा फिरतो, आणि त्या वळणाच्या बिंदूपाशी एरवी गप्प बसलेला पियानो खालचा सी शार्प बारा वेळा वाजवतो. 1935 मध्ये बेर्गने हा भाग व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि पियानो यांच्यासाठी मांडला, तेव्हा फुंकवाद्यांचा बराचसा भार पियानोवर आला. मांडणी कसबी आहे आणि वादकांना प्रियही आहे. पण सुरुवातीपासून बोलत असलेल्या पियानोने बारा ठोके दिले तर पहिल्यासारखे दचकायला होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. आपल्या रचनेत अशी जागा असेल तर मांडणीला हात घालण्यापूर्वीच ती हेरून ठेवावी आणि त्या क्षणासाठी एखादे वाद्य किंवा एखादे सप्तक आधीपासून राखून ठेवावे.

माणसे डोळ्यांसमोर ठेवून

ही मांडणी अमूर्त वाद्यांसाठी लिहू नये. बीथोव्हनने सेप्टेटचा ट्रिओ योहान आडाम श्मिट या आपल्या डॉक्टरांना अर्पण केला. डॉक्टर स्वतः व्हायोलिन वाजवत आणि त्यांची मुलगी पियानो वाजवी, त्यामुळे क्लॅरिनेटऐवजी व्हायोलिनची दिलेली सोय ही त्या घराची सोय होती. स्ट्राविन्स्कीचा संच वेर्नर राइनहार्ट या स्विस आश्रयदात्यासाठी होता. मूळ प्रयोगाला पैसा त्याने पुरवला होता आणि तो हौशी क्लॅरिनेटवादक होता. साकामोटोच्या त्रयीतला चेलो ब्राझीलच्या जाक मोरेलेंबाउमचा होता, आणि 2012 च्या 'थ्री' या दुसऱ्या संग्रहातही तोच चेलो कायम राहिला. तुमचा चेलोवादक वरच्या पट्टीत सुखाने गातो का, व्हायोलिनवादकाचा पिझिकाटो ठसठशीत आहे का, हे पहिले पान लिहिण्याआधी विचारून घ्यावे.

आपल्याकडे व्हायोलिनवादक हिंदुस्थानी पद्धतीत तयार झालेला असण्याची शक्यता असते. त्याच्या तारा षड्ज-पंचमात मिळवलेल्या असतात, बैठक वेगळी असते, आणि स्वरापासून स्वरापर्यंतचा प्रवास हाच त्याचा मुख्य ऐवज असतो. पियानोचे स्वर मात्र समान अंतरांवर पक्के बांधलेले असतात. दोघांना एकत्र आणायचे असेल तर नियम एकच आहे: जो स्वर रागात विशिष्ट जागेवर डोलतो तो त्या वेळी पियानोने वाजवूच नये. दरबारीच्या अंगाची चाल असेल आणि व्हायोलिन आंदोलित कोमल गंधारावर असेल, तर पियानोच्या कॉर्डमध्ये गंधार नको. षड्ज आणि पंचम पुरेत. दोघे एकाच स्वरावर दीर्घकाळ थांबतील अशी जागाही टाळावी. पियानोपुरते पट्टीचे बोलायचे तर सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच असतात, तारांचे तसे नसते. जुनी रचना बी फ्लॅट मायनरमध्ये असेल तर ती अर्धा स्वर खाली किंवा वर नेऊन मोकळ्या तारा हाती लागतात का, हे एकदा वाजवून पाहावे.

पाने, तालमी, बैठक

जुन्या स्कोअरमधली आवाजाची चिन्हे उतरवू नयेत. वाद्यवृंदातला फोर्टिसिमो म्हणजे साठ माणसे. इथे ती खूण चेलोपुढे आली तर तो तार ओरबाडील. सर्व चिन्हे नव्याने, तिघांच्या परस्पर प्रमाणात लिहावीत. पियानोवादक आपल्या ओळींच्या वर व्हायोलिन-चेलोच्या बारीक छापलेल्या ओळी असलेल्या पूर्ण स्कोअरवरून वाजवतो, तर तंतुवादकांना फक्त आपापले पार्ट लागतात. त्या पार्टांत पान उलटण्याच्या जागी विराम असला पाहिजे, आणि लांब विरामानंतर कोणाचे काय ऐकून शिरायचे याची क्यू दिली पाहिजे. बोइंगच्या, म्हणजे गज कोणत्या दिशेने चालवायचा याच्या, खुणा पेन्सिलीने द्याव्यात आणि वादकांनी बदलल्या तर वाद घालू नये. रचनाकार स्वतः पियानोवर बसणार असला तरी त्याने आपला भाग पूर्ण लिहावा. 'मी बघून घेईन' म्हणून मोकळी सोडलेली ओळ तालमीत हटकून जाड होते.

पहिली तालीम पियानोशिवाय घ्यावी, असा माझा आग्रह असतो. फक्त व्हायोलिन आणि चेलो यांनी सबंध रचना वाजवावी. या दोघांतच रचना ओळखू येत असेल तर मांडणी पक्की आहे. जिथे काहीच कळत नाही, तिथे पियानोवर जास्त भार पडला आहे असे समजून त्या पानांवर खूण करावी. दुसऱ्या तालमीत पियानो आला की त्याच्या उजव्या हातातली दर तिसरी गोष्ट खोडायची तयारी ठेवावी. श्रोत्यांच्या बाजूने पाहता व्हायोलिन डावीकडे, चेलो पियानोच्या वळणापाशी आणि दोघांनाही पियानोवादकाचे हात दिसतील, अशी बैठक असावी. पियानोचे झाकण लहान दांडीवर ठेवून सुरुवात करावी. तारा तरीही बुडत असतील तर झाकण बंद करण्याआधी लेखन विरळ करावे.

हक्क आणि नाव

रचना आपली असली तरी तिचे हक्क आपल्याकडेच असतील असे नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेची नवी मांडणी हे तिचे रूपांतर ठरते, आणि रूपांतर करण्याचा अधिकार हक्कधारकाचा असतो. चित्रपटासाठी केलेल्या कामाचे हक्क पुष्कळदा निर्मात्याकडे किंवा त्याच्यामार्फत संगीत कंपनीकडे गेलेले असतात. 2012 च्या दुरुस्तीने रचनाकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला, पण तेवढ्याने रूपांतराची परवानगी आपोआप मिळत नाही. जुना करार काढून वाचावा आणि ध्वनिमुद्रणाच्या आधी लेखी संमती घ्यावी. तोंडी होकार वितरणाच्या वेळी कामाला येत नाही.

नव्या आवृत्तीला वेगळी ओळख द्यायची की जुन्याच नावाखाली ठेवायची, याचा निर्णय बीथोव्हननेही दोन तऱ्हांनी घेतलेला दिसतो. सेप्टेटच्या ट्रिओला ओपस 38 हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. दुसऱ्या सिंफनीचा 1805 च्या सुमारास निघालेला पियानो ट्रिओ मात्र सिंफनीच्याच ओपस 36 या क्रमांकाने ओळखला जातो. भाग गाळले, शेवट बदलला किंवा सुरावट हलवली असेल तर नवा क्रमांक किंवा नवे उपशीर्षक द्यावे. क्रम आणि लांबी तीच असेल तर जुने नाव ठेवून खाली वाद्यांचा उल्लेख पुरतो. दोन्ही वेळी मुखपृष्ठावर मूळ रचनेचे साल, मूळ वाद्यमेळ आणि पुनर्मांडणीचे साल छापावे, आणि अरेंजरचा ऑब्लिगॅटो ठेवला असेल तर त्याचे नाव त्याच पानावर यावे.